पातं फिरतं, बेअरिंग मात्र फिरत नाही

हेलिकॉप्टरच्या रोटर हबमधलं (जिथे पाती जोडलेली असतात त्या मधल्या भागातलं) पात्याचं बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाही. ते फक्त काही अंश मागेपुढे डुलतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी भार पाहू. पातं 50 किलोचं, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून 3 मीटरवर, वेग मिनिटाला 334 फेरे. केंद्रोत्सारी ओढ येते सुमारे 184 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 19 टन! हे ओझं पेलत बेअरिंगने तासाला 20,000 वेळा डुलायचं.

साध्या रोलर बेअरिंगमध्ये रोलर त्याच जागी घासत राहतो. ग्रीस बाजूला सरकतं, धातू धातूला भिडतो, लालसर भुकटी निघते आणि रेसवर (रोलर ज्या कड्यावर फिरतात त्यावर) रोलरच्या अंतराने खाचा पडतात. म्हणून जुन्या हबमध्ये ओढ पेलायला पोलादी पट्ट्यांचा किंवा तारांचा पिळता जुडगा देत. बेअरिंगवर फक्त आडवा भार उरे.

इलॅस्टोमेरिक बेअरिंगमध्ये रबर आणि धातूचे पातळ थर आलटून पालटून चिकटवलेले असतात. दाबाखाली रबराला बाजूला फुगायला जागाच नसते, म्हणून ते कडक. पिळताना मात्र मऊ. वंगण लागत नाही. थर चेंडूच्या पृष्ठासारखे वक्र केले की पात्याच्या तिन्ही हालचाली (वर-खाली, पुढे-मागे आणि स्वतःभोवती पिळणं) एकाच बेअरिंगमध्ये भागतात. मला ही रचना फार देखणी वाटते.

बिघाड सहसा हळूहळू होतो: कडेला रबराचा भुगा दिसतो, मग भेगा. तपासताना भेगेची खोली आणि लांबी मोजून देखभाल-पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडायची. तेल-इंधन मात्र लांब ठेवा, नैसर्गिक रबर त्याने फुगतं.