बेचाळीसच्या गुप्त फायली पुराभिलेखात गेल्या, त्याचा माझा अनुभव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, म्हणजे १९४२ ते ४५ च्या गोपनीय रिपोर्टांच्या फायली आमच्याकडच्या एका जुन्या कचेरीत रुमालात बांधून पडल्या होत्या आणि आता त्या मुंबईला राज्य पुराभिलेखात, म्हणजे सरकारचे जुने कागद जपणाऱ्या खात्यात, रीतसर जमा झाल्यात. कचेरीचं नाव घेत नाही, आत्ता तिथं असलेल्यांचा यात काही दोष नाही. मी रेकॉर्ड रूमला कारकून होतो, रिटायर झाल्यावर जुनी मोडी आणि जुनं इंग्रजी टायपिंग वाचता येतं म्हणून मला मदतीला बोलावलं. हे सविस्तर लिहितोय कारण धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत अजून असे रुमाल असणार आणि कोणाच्या हातात आले तर पुढं काय करायचं हे माहीत पाहिजे.

आधी त्यात काय होतं ते सांगतो. तेव्हा धुळ्याकडचा भाग पश्चिम खानदेश आणि जळगावकडचा पूर्व खानदेश. तालुक्याचा फौजदार दर आठवड्याला गोपनीय रिपोर्ट वर पाठवायचा आणि त्याची एक कार्बन कॉपी मॅजिस्ट्रेट म्हणून प्रांतसाहेबांकडं, म्हणजे महसूलच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडं यायची, आमच्याकडं सापडल्या त्या या कॉप्या. फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं त्यानंतरचे रिपोर्ट वाचताना अंगावर काटा येतो, बाजारात काय बोलणं चाललंय, पोस्टातले पैसे कोण काढतंय, चांदीचे रुपये घरात दाबून ठेवून नोटा नको म्हणणारे व्यापारी कोण, बर्लिनवरून सुभाषबाबूंचं भाषण कोणाच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकलं, सगळं लिहिलेलं. ऑगस्टनंतर भाषाच बदलते. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची पोरं गेली, आणि पुढचे रिपोर्ट बघितले की कळतं सरकार किती घाबरलं होतं, शाळेतल्या पोरांवर सुद्धा नजर. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारला चाललेला साडेपाच लाखाचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला, त्या वर्षाची फाईल नुसती हातात घेतली तरी जाड लागते.

दिल्लीला नॅशनल अर्काइव्हजमधे प्रांताचे पाक्षिक रिपोर्ट आहेत, लंडनमधे इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत, पण त्यात खानदेश दोन चार ओळीत उरकलेला असतो. गावाचं नाव, वाराचं नाव, कोणत्या पारावर काय बोललं गेलं, हे फक्त या खालच्या कॉप्यांत आहे. एवढ्यासाठीच माझा जीव त्यात अडकला होता.

आता प्रोसेस. पहिली भीती निंदणीची, म्हणजे जुनं रेकॉर्ड छाटून नष्ट करण्याची. सरकारी रेकॉर्डचे वर्ग असतात, अ कायम, ब तीस वर्षं, क आणि ड त्याहून कमी, आणि मुदत संपली की निंदणीत जातं. या फायली गोपनीय कपाटात असल्यामुळं त्यांना वर्गच दिलेला नव्हता आणि कपाट रिकामं करायचं ठरलं तेव्हा त्या सरळ जुना पत्रव्यवहार म्हणून यादीत चढल्या. मी साहेबांना भेटून एवढंच म्हटलं की महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, असं रेकॉर्ड मनानं नष्ट करता येत नाही, आधी अ वर्गात घ्या मग बाकीचं बघू. साहेब तरुण होते, त्यांनी ऐकलं, त्याच दिवशी निंदणीच्या यादीतून नाव काढलं.

मग फायली कोणाच्या हा घोळ. महसूल म्हणे रिपोर्ट पोलिसांचे आहेत, पोलीस म्हणे आमच्याकडं आवकच नाही तर आम्ही सही कशी करू. यात बराच वेळ गेला. शेवटी सुटलं ते फायलीतूनच, प्रत्येक रिपोर्टवर प्रांत कचेरीचा आवक नंबर होता आणि मार्जिनमधे प्रांतसाहेबांचे शेरे होते. कागद कोणी लिहिला यापेक्षा तो कोणी ठेवला आणि त्यावर कारवाई कोणी केली त्याची ती फाईल, हे एकदा मान्य झालं की महसूलनं प्रस्ताव करायचा आणि गोपनीयता उठवायला गृह विभागाची संमती घ्यायची असा रस्ता ठरला.

खरी अडचण खबऱ्यांची. काही रिपोर्टांत ज्यानं माहिती दिली त्याचं नाव सरळ लिहिलंय. त्यांची नातवंडं पतवंडं त्याच गावात आहेत, सोयरीकी आहेत, गावकीचं राजकारण आहे. एका बैठकीत असं निघालं की नावांवर काळी शाई फिरवून मगच पाठवा. मी तिथं खूप भांडलो. मूळ कागदावर शाई म्हणजे कागद मारणं. माहिती अधिकाराच्या कायद्यात खबऱ्याचं नाव झाकायची सोय आहे, ८(१)(छ), पण ८(३) मधे म्हटलंय की वीस वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीला मोजकी तीन कलमं सोडून बाकीची सूट लागू होत नाही, आणि त्या तिनात खबऱ्यांचं कलम नाही. नेताजींच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ ला सगळ्या देशासमोर खुल्या झाल्या, संरक्षण खात्यानं २०२१ ला धोरण काढलं की युद्धाचं रेकॉर्ड साधारण पंचवीस वर्षांनी खुलं व्हावं, आणि आमच्या तालुक्याच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या बाजारगप्पा अजून गोपनीय?

पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका रिपोर्टात एका माणसाला फौजदारानं आपला खबऱ्या लिहिलंय, आणि पुढं काही कागदांनंतर वरिष्ठाचा शेरा आहे की हा माणूस काहीच सांगत नाही, तुम्ही त्याचं नाव घालून स्वतःच्या ऐकीव गोष्टी लिहिता. पहिलाच कागद कोणी मोबाईलवर फोटो काढून फिरवला असता तर त्या घराण्याला कायमचा डाग. अख्खी फाईल मूळ क्रमानं वाचली तरच खरं कळतं. तिथलाच एक पोरगा हळूच येऊन विचारायचा, "आबा, मना आजानं नाव शे का त्यामा?" म्हणजे माझ्या आजोबांचं नाव आहे का त्यात. मी त्याला सांगितलं की फाईल एकदा खुली होऊ दे, तू स्वतः वाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, मधलं एक पान वाचून घरी जाऊ नको. संमती आली ती अख्ख्या फायलींची आली, एकही ओळ न झाकता. गोपनीयचा शिक्का तसाच ठेवला, फक्त फायलीच्या सुरुवातीला आदेशाची प्रत लावली.

कागदाचं काम थंडीत घेतलं. आपल्याकडं उन्हाळ्यात ४४-४५ डिग्रीला कार्बन कॉपीचा तो पातळ कागद पापडासारखा मोडतो आणि पावसाळ्यात बुरशी. गंजलेल्या टाचण्या एकेक सोडवल्या, ओढायची नाही, खालून पातळ पट्टी सरकवून टोक सरळ करायचं. फाटलेल्याला सेलोटेप अजिबात लावू दिला नाही, लॅमिनेशन तर नाहीच, दुरुस्ती पुराभिलेखवाले त्यांच्या टिश्यू कागदानं करतील. पानांना पेन्सिलनं नंबर, कोरी पानं सुद्धा मोजली. यादीत फाईल नंबर, वर्ष, विषय, पानं आणि कागदाची हालत, आणि विषय लिहिताना "संकीर्ण" हा शब्द मी कुठंच येऊ दिला नाही, कारण तसं लिहिलेली फाईल पुढं कोणी मागवतच नाही.

आग्रा रोडनं सरकारी गाडीतून खोकी मुंबईला नेली, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथल्या बाईंनी यादीप्रमाणं फाईल न फाईल उघडून पानं मोजली, खूप नीट काम, मग पोच दिली. त्या पोचेची एक प्रत आता कचेरीच्या कायम रेकॉर्डला आहे.

१९४३ चं गोपनीय आवक रजिस्टर मात्र मिळालं नाही. ते असेल तर कोणते रिपोर्ट गहाळ आहेत ते नंबरावरून कळेल. फूलस्केपपेक्षा मोठं, कापडी पुठ्ठ्याचं, पाठीवर कॉन्फिडेन्शियल लिहिलेलं असावं. कचेऱ्या हलल्या तेव्हा शेजारच्या तालुक्यात गेलं असण्याची शक्यता आहे, तर तिकडच्या रेकॉर्ड रूमला कोणी असेल त्यानं वरच्या फडताळावर एकदा बघा आणि सापडलं तर शिवण न सोडता तसंच ठेवून आधी साहेबांच्या नजरेस आणा.