एक हितचिंतक

रविवार, रात्री साडेअकरा

उद्याच्या मीटिंगसाठी वर्गणीची वही काढली आणि नको तेच पान उघडलं. जुलै २०२१. वॉचमनच्या मुलीची बारावी, वर्ग मोबाइलवर, आणि घरातला एकुलता एक मोबाइल बापाबरोबर गेटवर. सगळ्यांनी माझ्याच नंबरवर जीपे केलं. ३१,५०० जमले. फी भागत होती, मोबाइलला कमी पडत होते. आमच्या कर्वेनगरात एकाच कारणासाठी दुसऱ्यांदा वर्गणी मागायची म्हणजे पहिलीचा हिशेब जिन्यातच द्यावा लागतो.

त्याच आठवड्यात झोमॅटोचा आयपीओ होता, म्हणजे तिचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकायला काढले होते. १९५ शेअरचा लॉट, १४,८२० रुपये. नाव माझं, पैसे वर्गणीचे. लॉट लागला. २३ तारखेला ७६चा शेअर ११६ला उघडला, मी लगेच विकून मोकळा. वहीत नोंद आहे: 'एक हितचिंतक, नाव नको – ७,५००.' अक्षर माझंच, जरा जास्तच वळणदार.

हे पान आज टोचायचं कारण तो सॅम बँकमन-फ्राइड, त्याच्याच खटल्याचं वाचत होतो. दान करायचं म्हणून अफाट कमवायला निघालेला पोरगा. एफटीएक्स या त्याच्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांचे अब्जावधी डॉलर त्याने स्वतःच्याच अलामेडा या ट्रेडिंग कंपनीकडे वळवले, नोव्हेंबर २०२२मध्ये सगळं बसलं, मार्च २०२४मध्ये २५ वर्षांची शिक्षा. छापा पडला तर जग दुपटीहून चांगलं, काटा पडला तर नष्ट, असं नाणंही तो खुशाल उडवेल, अशी साक्ष त्याच्या सहकारी कॅरोलाइन एलिसनने दिली. इथपर्यंत मी हसत वाचत होतो.

मग न्यायाधीश कॅप्लन आले. बचाव असा होता की ग्राहकांचे पैसे परत मिळणारच आहेत. कॅप्लन म्हणाले, चोराने चोरीचा पैसा लास वेगासला लावला आणि जिंकून परत केला, म्हणून शिक्षेत सूट नाही.

मी तर जिंकूनच आलो होतो. तेव्हा हिने विचारलेलं, "आणि पडला असता तर?"

"खिशातून भरले असते."

"कुठल्या?"

त्या वर्षी माझा पगार अर्ध्यावर आला होता. मी चहा गार झाल्याचं काहीतरी बोललो.

पोरगी पास झाली, त्याच मोबाइलवर. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय, मोजलेलं नाही.

उद्याची वर्गणी लिफ्टवाल्याच्या ऑपरेशनची आहे. आज संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय हो, ते आपले हितचिंतक या वेळी देतील का?"