जुन्या ड्रॉइंगवरची फिनिशची ओळ मी कशी सोडवतो

पार्टवर कोणत्या धातूचा थर चढवायचा (प्लेटिंग), ते सांगणारी ही ओळ. अमोनिया प्रिंटच्या (ड्रॉइंगच्या जुन्या कागदी नकलेच्या) टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या चौकटीत, लिहिलेलं असतं: 'कॅड प्लेट, क्यूक्यू-पी-४१६, टाइप २, क्लास २'. (नव्या पोरांना आधी ऑटोकॅड आठवतं. इथे कॅड म्हणजे कॅडमियम.) ही ओळ तशीच मालासोबतच्या चलनावर उतरवून मुंबईत साकीनाक्याच्या प्लेटिंगच्या गाळ्यावर जॉब पाठवला, तर पिवळं झिंक होऊन परत येण्याची पुरेपूर शक्यता असते. पिवळं पॅसिव्हेशन (प्लेटिंगवरचा क्रोमेटचा संरक्षक थर) दोन्हींवर जवळपास सारखंच दिसतं, त्यामुळे माल आत घेताना नुसत्या नजरेनं चूक पकडली जात नाही.

म्हणून आधी स्पेकचा (मानकाचा) नंबर कुठल्या देशाचा ते बघतो. सुरुवातीला क्यूक्यू किंवा मिल (MIL) असेल तर अमेरिकन, डीटीडी आणि डेफ ब्रिटिश, आयएस आपलं. बोल्टच्या ड्रॉइंगवर नुसता 'ए३एल' हा कोड असेल तर झिंक, ८ मायक्रॉन, चकचकीत पिवळं. रद्द झालेले अमेरिकन स्पेक असिस्ट क्विकसर्च या अमेरिकी संरक्षण खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. त्यातली ड्रॉइंगच्या तारखेला चालू असलेली आवृत्ती उघडायची, शेवटची नाही.

खरी गोची क्लासमध्ये आहे. कॅडमियमच्या ४१६ मध्ये क्लास १, २, ३ म्हणजे १३, ८ आणि ५ मायक्रॉन. झिंकच्या क्यूक्यू-झेड-३२५ मध्ये तेच क्लास २५, १३ आणि ५. म्हणजे कॅडमियमच्या जागी झिंक लिहिलं आणि 'क्लास २' तसाच ठेवला, की थर पाच मायक्रॉननं वाढला. टाइपचंही तसंच. जुन्या दोन्ही स्पेकमध्ये टाइप २ क्रोमेट आणि टाइप ३ फॉस्फेट. झिंकसाठी नंतर आलेल्या एएसटीएम बी६३३ मध्ये टाइप २ रंगीत क्रोमेट आणि टाइप ३ बिनरंगी. सॉल्ट स्प्रेला (मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीला) रंगीत ९६ तास टिकायला हवं, बिनरंगी फक्त १२. त्यामुळे पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) मी टाइप-क्लास लिहीतच नाही. धातू, मायक्रॉन आणि रंग सरळ शब्दांत लिहितो.

पाच मायक्रॉननं काय बिघडतं ते आट्यांवर कळतं. ६० अंशाच्या आट्याचा पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) थराच्या चौपट वाढतो. एम६ बोल्टला ६जी (6g) टॉलरन्समध्ये २६ मायक्रॉनची सूट असते. ८ मायक्रॉनचा थर ३२ खातो, १३ चा ५२. वरच्या मर्यादेला कापलेला बोल्ट प्लेटिंगनंतर ६एच (लहान h) च्या गो रिंगमध्ये, म्हणजे आटे तपासायच्या गेजमध्ये, जाणारच नाही. एक तर थर ५ वर आणायचा, नाही तर आट्यांचा व्यास कापतानाच कमी ठेवायचा. मापं प्लेटिंगच्या आधीची की नंतरची हे ड्रॉइंगवर नसेल तर ग्राहकाकडून लेखी घेतो. फोनवरचं 'चालेल हो' रिजेक्शनच्या दिवशी कामाला येत नाही.

कडक स्टीलला, म्हणजे जुन्या स्पेकप्रमाणे ४० एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) आणि वर, बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवणं, लागतं: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, १९० अंश सेल्सिअसला किमान तीन तास. नाही तर आत शिरलेल्या हायड्रोजननं बोल्ट कसल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, डोकं तुटून पडतं. बेकिंग पॅसिव्हेशनच्या आधीच. क्रोमेटचा थर साधारण ६६ अंशांपुढे बिघडतो, आणि पिवळा जॉब भट्टीत घातला की ९६ तासांचा हिशोब तिथेच संपला. प्लेटर एका फेरीत काम उरकायला बघतो, म्हणून क्रम चलनावर लिहायचा.



कॅडमियम बदलायचं की नाही हे मी ठरवत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मालात त्याची मर्यादा ०.०१ टक्का, म्हणजे बंदच. पण खाऱ्या हवेसाठी, ॲल्युमिनियमशी संपर्क येतो म्हणून किंवा टॉर्क (बोल्ट कसायचा जोर) नेमका हवा म्हणून ते घातलेलं असेल तर साधं झिंक पुरत नाही. बहुधा झिंक-निकेल सुचवतो आणि टॉर्क पुन्हा तपासायला सांगतो.

जाडी कुठे मोजायची हेही आधीच ठरवून घ्यावं. ४१६ प्रमाणे पाऊण इंची गोळी जिथे टेकते तिथेच किमान जाडी लागू. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात तीन मायक्रॉन निघाले म्हणून लॉट परत पाठवता येत नाही.