बल्ब चाळीसचा, मजुरी कशाची?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक काचेतूनच विचारतं, "ब्रेक लाइट बदलायचे किती?" साध्या गाडीचा दोन फिलामेंटवाला २१/५ वॅटचा बल्ब तीस-चाळीस रुपयांत येतो. मजुरी शंभर सांगितली की लगेच कपाळाला आठी. अहो, बल्ब फिरवून बसवायचे पैसे नाहीत हे. एकच दिवा गेला तर बल्ब, होल्डर नाहीतर अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर. दोन्ही बाजूचे एकदम गेले तर बल्बला हात लावायचा नाही, आधी फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच बघायचा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर अर्थिंग गेलंय. एवढं कळायला किती वर्षं लागतात, ते बिलात लिहिता येत नाही.

दुकान काढलं दाजींनी आणि मी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि डायनामोचं वाइंडिंग करावं तर त्यांनीच. आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, ग्राउलर नावाच्या तपासायच्या यंत्रावर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरायचे. पातं थरथरलं की म्हणायचे, "कॉइल शॉर्ट आहे, सोड." त्यांचा टेस्ट लॅम्प अजून माझ्या खिशात असतो. होल्डर, दोन वायरी, एक क्लिप आणि तोच २१ वॅटचा बल्ब. पोरं मल्टिमीटर लावतात आणि "बारा व्होल्ट येतायत की" म्हणतात. गंजून एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. बल्ब लावला की वायरीचं खरं-खोटं कळतं. फक्त ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) नाहीतर एअरबॅगच्या वायरीला हा लॅम्प चुकूनही लावू नका, तिथं मीटरच.

मधली वर्षं बरी गेली. मग हायवेला एक मोठं वर्कशॉप आलं. एसीचं वेटिंग, कॉफी, स्कॅनर, फुकट चेकअप कॅम्प. त्याचं मला काही नाही, धंदा आहे. पण त्यांच्या काउंटरवरून सांगायला लागले, "बाहेरचे वायरवाले हार्नेस कापतात, वॉरंटी जाते." आम्ही हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापत नाही. कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडतो, पिना साफ करतो, परत बसवतो. पण ऐकणार कोण? आधी टुरिस्टवाले गेले, मग त्यांच्या मागोमाग घरगुती गाड्या. त्यातच दाजींची नजर कमी झाली आणि वाइंडिंग बंद पडलं. बँकेचा हप्ता थकला. दुपारी शटर अर्धं ओढून बसायचो. बायको म्हणाली, "गाळा भाड्यानं देऊन टाका." मी भाडेकरू बघायलाही लागलो होतो.

तेव्हा जयसिंगपूरचे डॉक्टर आले. मारुती ८०० होती तेव्हापासूनचे आमचे. आता त्यांची ऑटोमॅटिक गाडी होती, तीही टोइंगवरून आलेली. गिअर पार्किंगमधून निघेना. त्या वर्कशॉपनं गिअर सिलेक्टरचा अख्खा सेट बदलायचं एस्टिमेट दिलेलं, आकडा पाच अंकी. मी आधी मागं जाऊन उभा राहिलो. "डॉक्टर, ब्रेक दाबा." एकही दिवा लागला नाही. ब्रेक दाबलाय हे स्विचनं सांगितल्याशिवाय अशा गाडीचा गिअर पार्किंगमधून सुटत नाही. स्विच बदलला, मजुरीसकट हजाराच्या आत काम. डॉक्टर हसले नाहीत की चिडले नाहीत. ते एस्टिमेट मात्र त्यांनी दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. त्या भागातल्या गाड्या अजून येतात, त्या त्यांच्यामुळं.

आता बऱ्याच नवीन गाड्यांना बल्बच नाही. एलईडीचा सीलबंद दिवा, आत पाणी गेलं की अख्खा बदला म्हणतात, काही हजार मोजा. आम्ही हीट गननं सील सोडवतो, जळालेला रेझिस्टर नाहीतर एलईडीला करंट पुरवणारा ड्रायव्हर बदलतो आणि परत सील करतो. सगळेच दिवे वाचत नाहीत. आतली सर्किटची पट्टीच कुजलेली असेल तर तसं तोंडावर सांगतो.

त्याच वर्कशॉपचा पोरगा हल्ली संध्याकाळी असे दिवे पिशवीत घालून आणतो. बिल नको म्हणतो. तिकडं गिऱ्हाइकाला काय लावतात ते मी विचारत नाही, पण कानावर येतंच. घाई त्याला नेहमीचीच. मी सांगतो, "रात्रभर वाळू दे, उद्या ये. ओलीवर सील धरत नाही."