तुम्ही विचारलंत म्हणून: गालातल्या इंजेक्शनाबद्दल

“ताई, इंजेक्शन देऊन गालफडं भरून येतात म्हणे, खरं का?”

मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, केअर कोऑर्डिनेटर आहे, आणि माझे स्वतःचे गाल बसलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. विचारणारे बहुतेक जुने पेशंट, माझ्याच काळात गोळ्या सुरू झालेले. नव्या पोरांना आम्ही कशाबद्दल बोलतोय तेही कळत नाही. बरंच आहे ते.

तर हो, भरून येतात. पण दागिना मोडायच्या आधी जरा ऐका.

हे गाल एकट्या एचआयव्हीनं बसवलेले नाहीत. एप्रिल 2004 मध्ये सरकारी सेंटरांतून मोफत औषध सुरू झालं, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांच्या हाती एसएलएन ही तीन औषधांची गोळी पडली. त्यातला एस म्हणजे स्टॅव्हुडिन. गोळी स्वस्त होती आणि तिनं माणसं अंथरुणातून उठवली, हे मी कधीही नाकारणार नाही. पण स्टॅव्हुडिन पेशींमधल्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना, मारक ठरतं. त्यानं कुणाच्या पायांची आग व्हायला लागली, कुणाची चरबी झडली. तीही सगळीकडून नाही: गाल, कानशिलं, दंड, मांड्या, कुल्हे. ओपीडीच्या लाकडी बाकावर बसलं की हाडं टोचायची. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी हळूहळू बंद करा असं सांगितलं आणि पुढं आपल्याकडेही ती गेली. गाल तसेच राहिले.

घरचे म्हणतात तूप खा, बदाम खा. खाल्लेलं तूप पोटावर जातं, गालावर येत नाही. पुरुष दाढी वाढवतात. बायका पदर ओढून घेतात, फोटोत मागं उभ्या राहतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं आपली माहिती गुप्त ठेवायची हमी दिली आहे. पण फाईल कपाटात कुलूपबंद राहते, चेहरा घेऊन मात्र बाजारात जावं लागतं. “काय हो, टीबी झाला होता का?” असं विचारणारे भेटतातच. म्हणून इंजेक्शनाचं विचारणाऱ्याला कुणी “या वयात नटायचंय का?” म्हटलं की मला राग येतो.

आता कामाचं. आधी तुमची सध्याची गोळी बघा. झिडोव्हुडिन असेल, म्हणजे झेडएलएन, तर बदलता येईल का ते आपल्या डॉक्टरांना विचारा; तीही चरबी झडवते, स्टॅव्हुडिनपेक्षा कमी. टीएलडीवर, म्हणजे आता सगळ्यांना देतात त्या नव्या गोळीवर, असाल तर झीज थांबलेली असते. गेलेलं थोडंफार परत येतं, पण वर्षं लागतात आणि पूर्ण येत नाही. स्वतःच्या मनानं गोळी बंद करून गाल येत नाहीत, आजार येतो.

याच कारणासाठी तपासून मंजूर झालेलं पहिलं औषध म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड. अमेरिकेत 2004 मध्ये खास एचआयव्हीवाल्यांच्या बसलेल्या गालांसाठी त्याला परवानगी मिळाली. ऑपरेशनच्या विरघळणाऱ्या टाक्यांत वापरतात त्याच जातीचा पदार्थ. पावडर पाण्यात कालवून कातडीखाली सोडतात. त्या दिवशी गाल टम्म दिसतात. चार-आठ दिवसांत पाणी जिरतं, गाल पुन्हा बसतात, आणि माणूस फसवलं म्हणून रडतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तर डॉक्टरांना फोनवर शिव्या घातल्या. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्या कणांभोवती शरीर स्वतःचं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार करतं, त्याला काही महिने लागतात. काही आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार, कधी जास्त वेळा बसावं लागतं. पहिले पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं गाल चोळायला सांगतात, नाहीतर गाठी होतात. त्या बाईंच्या गालात अजून एक आहे. दिसत नाही, बोटाला लागते. परिणाम साधारण दोन वर्षं टिकतो. मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात असेल तर हे तुमच्या उपयोगाचं नाही.

दुसरं इंजेक्शन हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलचं. त्याचे गाल लगेच दिसतात, आणि चुकलं तर विरघळवता येतात. पण लवकर ओसरतात, आणि आपल्या गालांना माल जास्त लागतो, म्हणजे सिरिंजा जास्त. “एकदाच भरा, कायमचं” असं कुणी सांगितलं तर मात्र सरळ उठून या. कायमच्या जेलमध्ये वर्षांनी पू झाल्याची, ते सरकल्याची उदाहरणं बाहेरच्या देशांत भरपूर आहेत. पार्लरमध्ये तर नकोच. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी काळी पडते, क्वचित डोळाही जातो.

एचआयव्ही आहे हे तिथं सांगायचं का? माझं मत, सांगावं. एका क्लिनिकनं माझी गोळी ऐकल्यावर “मशीन बिघडलंय” म्हणून परत पाठवलं होतं. इंजेक्शनाला कसलं मशीन! तरीही सांगावं, कारण गाठ झाली तर तिच्यात स्टिरॉइड टोचतात, आणि सेकंड लाइनवाल्यांपैकी, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर दुसरी दिलेल्यांपैकी, पुष्कळांच्या गोळीत रिटोनाव्हिर असतं. ते स्टिरॉइड शरीरातून बाहेर पडू देत नाही. एवढ्याशा सुईनं चेहरा सुजतो, साखर वाढते. आपली फाईल न वाचता सुई उचलणारा डॉक्टर, कितीही गोड बोलला तरी, कामाचा नाही.

खर्चाचं म्हणाल तर एआरटी सेंटरमध्ये हे मिळत नाही. खासगीत एकेका वेळचा खर्च पाच आकडी असतो. म्हणूनच मी घेतलेलं नाही. माझ्या मानधनात ते बसत नाही. अमेरिकेत 2010 पासून मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा या इंजेक्शनांचा खर्च उचलतो, ब्राझीलमध्ये सरकारी दवाखान्यातच गाल भरून देतात, जरी तिथला कायमचा माल मला पटत नसला. आपल्याकडे एका बैठकीत मी हा विषय काढला. उत्तर आलं, “हे कॉस्मेटिक आहे, मॅडम.” एसएलएन आम्ही हौसेनं घेतली नव्हती, सरकारनंच दिली होती. ती घेतलेले आता मोजकेच उरलेत आणि नवे वाढणार नाहीत, त्यामुळे खर्चाची भीती कुणी घालू नये. पुढच्या बैठकीत पुन्हा काढणार आहे. ज्यांचे गाल एसएलएननं गेले त्यांनी आपल्या सेंटरच्या कोऑर्डिनेटरकडे नाव नोंदवा. नुसतं नाव आणि गोळीचं वर्ष पुरे, फोटो नको.