‘हार्नेस घाला’ एवढ्यानं भागत नाही

सूचना इंग्रजीत दोनच शब्दांची होती. आधी ‘वेअर’ हे क्रियापद आणि त्यापुढे महिरपी कंसात एक रिकामी जागा. त्या जागेत प्रोग्रॅम आपोआप वस्तूचं नाव भरणार होता: हेल्मेट, गॉगल, इअरप्लग, मास्क, हातमोजे, सेफ्टी शूज, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट आणि हार्नेस, म्हणजे उंचीवरून पडू नये म्हणून अंगावर चढवायचे पट्टे. उंचीवर, यंत्रांजवळ किंवा रसायनांजवळ काम करणाऱ्यांनी काम सुरू करण्याआधी फोनवर ही यादी उघडायची, एकेक वस्तू चढवायची, समोर बरोबरची खूण करायची आणि मगच पुढे जायचं, असं ते ॲप होतं.

अशा ॲपची भाषांतरं करवून घेणं हे माझं काम. वेगवेगळ्या भाषांच्या अनुवादकांना मजकूर पाठवायचा, त्यांच्या शंका गोळा करायच्या, डेव्हलपरकडून उत्तरं मिळवायची. मराठी भाषांतर मी स्वतःच करते. हा मजकूर अगदी थोडा होता. क्रियापद प्रत्येक भाषेत एकदा, वस्तूंची नावं प्रत्येक भाषेत एकदा, की झालं. दुपारपर्यंत सगळं हातावेगळं होईल, असं डेव्हलपरच्या निरोपात लिहिलेलं होतं.

पहिली शंका कोरियन अनुवादिकेची आली. तिनं भाषांतर केलंच नव्हतं, उलट विचारलं होतं: ‘वस्तू कोणती ते कळल्याशिवाय क्रियापद कसं देऊ?’ कोरियनमध्ये कपडे अंगात घालायचे तर ‘इप्ता’, बूट पायात घालायचे तर ‘शिन्ता’, डोक्यावर किंवा चेहऱ्यावर काही चढवायचं तर ‘स्सुदा’. म्हणजे हेल्मेट, चष्मा आणि मास्क एका क्रियापदाखाली येतात. हातमोजे आणि इअरप्लग मात्र ‘क्किदा’, आणि पट्टा असेल तर ‘मेदा’. आमच्या यादीतल्या आठ वस्तूंना तिच्या भाषेत पाच क्रियापदं लागत होती.

यातलं ‘क्किदा’ मला पूर्वीपासून ओळखीचं आहे, आणि मला ते फार आवडतं. त्याचा कपड्यांशी खास संबंध नाही. एक वस्तू दुसरीत किंवा दुसरीवर घट्ट बसणं, एवढाच त्याचा आशय. बोटात अंगठी जाते तेही ‘क्किदा’ आणि कॅसेट तिच्या डबीत बसते तेही ‘क्किदा’. सुंजा चोई आणि मेलिसा बोवरमन यांनी १९९१ साली इंग्रजी आणि कोरियन शिकणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे क्रियापद महत्त्वाचं आहे. इंग्रजी बोलणारी मुलं ‘आत’ आणि ‘वर’ असा भेद करतात, तर कोरियन मुलं अगदी लहान वयातच ‘घट्ट’ आणि ‘सैल’ असा भेद करायला लागतात. मूल पुरतं बोलायला लागण्याआधीच त्याची भाषा त्याला सांगत असते, की वस्तूकडे पाहताना नेमकं काय पाहायचं. इअरप्लगच्या बाबतीत कोरियन कामगाराला क्रियापदातूनच कळतं की ही वस्तू घट्ट बसली पाहिजे. मला त्याचा हेवा वाटला.

त्यानंतर एकेक करत सगळ्यांच्या शंका आल्या. व्हिएतनामीत कपड्यांना ‘माक’, डोक्यावरच्या वस्तूला ‘डोय’, गॉगल, मास्क आणि हातमोज्यांना ‘देओ’, आणि बुटांना चक्क ‘दी’, म्हणजे ‘जाणे’ हेच क्रियापद. तुर्कीत कपडे आणि बूट ‘गियमेक’, पण चष्मा, मास्क, हेल्मेट ‘ताकमाक’. या ‘ताकमाक’चा मूळ अर्थ अडकवणे, जोडणे. चिनीत अंगात आणि पायात शिरणाऱ्या गोष्टींना ‘छ्वान’, शरीराच्या एखाद्या भागावर चढणाऱ्या हेल्मेट, चष्मा, मास्क, हातमोजे यांना ‘दाय’, आणि पट्ट्याला ‘जी’, म्हणजे बांधणे.

हिब्रू अनुवादकाचं उत्तर सगळ्यांत लांबलचक होतं. कपड्यांना ‘लावश’, हेल्मेटला ‘हावश’, चष्म्याला ‘हिरकीव’ आणि बुटांना ‘नाअल’. हेच ‘नाअल’ कुलूप लावण्यालाही वापरतात आणि ‘हावश’ जखमेला पट्टी बांधण्यालाही. शिवाय त्यानं आणखी एक अडचण दाखवली. हिब्रूत आज्ञा देताना समोर पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदातून दिसतं. म्हणून तिकडच्या पाट्यांवर थेट आज्ञा न देता ‘अमुक करणे बंधनकारक’ अशी रचना असते.

ही उत्तरं वाचत असताना मी मराठीची ओळ उघडून बसले होते. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, बूट घाला, जॅकेट घाला. इथवर ‘घाला’ बिनबोभाट चालतं. पण मास्क आपण ‘लावा’ म्हणतो, गॉगल कुणी लावतं तर कुणी घालतं, पट्टा बांधतो. साडी आणि धोतर यांच्यासाठी तर आपल्याकडे ‘नेसणे’ असं स्वतंत्र क्रियापद आहे आणि शाल आपण पांघरतो. मराठी माणसाला कोरियन किंवा जपानी क्रियापदांचं नवल वाटायचं खरं तर कारण नाही. शिवलेलं आणि न शिवलेलं वस्त्र यांतला फरक आपण रोज क्रियापदातूनच दाखवत असतो.

दुपारी डेव्हलपरशी बोलणं झालं. तो समजूतदार आहे, पण त्याला साचा मोडायचा नव्हता. त्याचा प्रश्न रास्त होता: ‘सगळ्या वस्तूंना चालेल असा एखादा औपचारिक शब्द प्रत्येक भाषेत नसतो का?’

बऱ्याच भाषांत असतो. जपानीत ‘चाकुयो’ आणि कोरियनमध्ये ‘चागयोंग’ आहे, दोन्ही एकाच चिनी अक्षरजोडीतून आलेले. अरबीत ‘इर्तिदा’ आहे. चिनीत दोन्ही क्रियापदं एकमेकांना जोडून ‘छ्वानदाय’ म्हणतात, की काम होतं. मराठीत ‘परिधान करा’ आहेच. पण ‘इअरप्लग परिधान करा’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा. हे वाक्य फलकावर खपेल, पण सकाळच्या पाळीला घाईत आत शिरणाऱ्या माणसाच्या कानावर ते आदळत नाही. सुरक्षेची सूचना माणसाच्या रोजच्या भाषेत असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. जिथं चुकलं तर बोट जातं, डोळा जातो, तिथं वाचणाऱ्याला क्रियापद मनात उलटवून घ्यायला लावणं योग्य नाही.

याआधी लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहावं म्हणून मी सुरक्षेच्या पाट्या काढून बसले. निळं वर्तुळ आणि त्यात पांढरं चित्र, अशी ती बंधनकारक सूचनांची चिन्हं आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत: एम००३ कानांसाठी, एम००४ डोळ्यांसाठी, एम०१४ डोक्यासाठी, एम०१८ हार्नेससाठी. चित्र जगभर सारखंच असतं. पण त्याखालचं वाक्य प्रत्येक देशानं आपापल्या रीतीनं लिहिलंय. जर्मन पाटी ‘वापरा’ म्हणते. फ्रेंच पाटीवर क्रियापदच नसतं, ‘डोक्याचं संरक्षण बंधनकारक’ असं नुसतं नाम असतं. स्पॅनिश आणि इटालियन पाट्यांचंही तेच.

मला भावली ती रशियन पाटी. तिच्यावर ‘घाला’ नाही आणि ‘वापरा’ही नाही. ‘संरक्षक हेल्मेटमध्ये काम करा’ अशी तिची रचना आहे. हातमोज्यांमध्ये काम करा, गॉगलमध्ये काम करा. इंग्रजी ‘वेअर’मध्ये एक गोष्ट आहे जी मराठी ‘घाला’त येत नाही: ते चढवण्याच्या क्षणाबद्दल बोलत नाही, अंगावर असण्याच्या सगळ्या वेळाबद्दल बोलतं. ‘हेल्मेट घाला’ म्हटलं आणि माणसानं ते घालून पाच मिनिटांनी काढलं, तर शब्दशः त्यानं सूचना पाळलीच. रशियन पाटी ती फट बुजवते. आणि आपल्याकडेही त्यासाठी सरळ, घरगुती रचना आहे: ‘हेल्मेट घालूनच काम करा.’ त्यातला ‘च’ मला फार मोलाचा वाटतो. मी लगेच मराठीची ओळ तशी बदलली.

एवढं होईस्तोवर संध्याकाळ होत आली होती. जपानी अनुवादिकेचं उत्तर तेवढं यायचं होतं. ती सावकाश काम करते आणि तिचं काम नेहमी पक्कं असतं. तिनं यादी पाठवली तेव्हा सुरुवातीला सगळं अपेक्षेप्रमाणेच दिसलं. हेल्मेट ‘काबुरु’, बूट ‘हाकु’, गॉगल ‘काकेरु’, हातमोजे ‘हामेरु’, जॅकेट ‘किरु’. खाली तिनं लिहिलं होतं, की साचा मोडता येत नसेल तर ‘चाकुयो’ सगळीकडे चालेल, फक्त हार्नेसला चालवू नका.

कारण वाचून मी कामच थांबवलं. जपानमध्ये कामगारांच्या सुरक्षेचे १९७२चे नियम आहेत. त्यात हेल्मेटच्या कलमात मालकानं कामगाराला हेल्मेट ‘चाकुयो’ करायला लावावं, म्हणजे अंगावर असू द्यावं, असं म्हटलंय. उंचीवरून पडू नये म्हणून असलेल्या उपकरणाच्या कलमात मात्र शब्द बदलतो. तिथं ‘शियो’ आहे, म्हणजे वापरणे. तिनं लिहिलं होतं: ‘हार्नेस अंगावर असणं आणि हार्नेस वापरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हुक अडकवलेला नसेल तर हार्नेस म्हणजे नुसते पट्टे. आमच्याकडे कामाच्या जागी हा फरक रोज सांगावा लागतो.’ त्या उपकरणाचं जुनं नाव ‘आन्झेनताइ’, म्हणजे सुरक्षापट्टा. २०१९पासून नियमांत ते बदलून पडणं रोखण्याचं उपकरण अशा अर्थाचं लांब नाव आलं, हेही तिनं कळवलं. मला त्या नामांतरातही तोच विचार दिसला. पट्टा हा शब्द वस्तू कशी दिसते ते सांगतो, नवं नाव ती काय करते ते सांगतं.

मी इंग्रजी मूळ वाक्य पुन्हा पाहिलं. ‘वेअर हार्नेस’. त्यात हुक नव्हताच. यादीत पुढेही कुठं नव्हता. म्हणजे एखाद्यानं हार्नेस अंगावर चढवला, पट्टे आवळले, बरोबरची खूण केली आणि हुक कुठंही न अडकवता तो वर चढला, तर ॲपच्या लेखी सगळं व्यवस्थित होतं. दिवसभर आम्ही सगळे एका क्रियापदाचं भाषांतर करत होतो आणि ते क्रियापद या वस्तूसाठी इंग्रजीतही अपुरं होतं. जपानी अनुवादिकेनं शब्द जुळत नाही म्हणून हट्ट धरला नसता, तर ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. तुर्की अनुवादकाचं ‘ताकमाक’ तर अडकवण्याचाच शब्द, त्यामुळे त्याच्या वाक्यात हुक आपसूक आल्यासारखा वाटत होता आणि उणीव झाकली जात होती. आपलं ‘हार्नेस बांधा’ही तसंच. वाचताना सगळं बांधून, जखडून झाल्यासारखं वाटतं, पण बांधलं ते माणसाच्या अंगाला. आधाराला काहीच नाही.

ग्राहकाच्या बाजूनं एक सुरक्षा अभियंता होत्या. त्यांना फोन लावला. भाषांतराची शंका आहे म्हटल्यावर त्यांनी सुरुवातीला डेव्हलपरकडेच जायला सांगितलं. मी जपानी नियमांतली दोन क्रियापदं त्यांना वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘ताई, हे भाषांतराचं नाहीये. हे माझं आहे. वाक्य मी बदलून देते.’ त्यांनी रात्रीच नवी यादी पाठवली. हार्नेसची सूचना आता दोन पायऱ्यांत होती. आधी पट्टे आवळून घ्या, मग हुक मजबूत आधाराला अडकवा. दोन्हींसमोर वेगळी खूण, आणि दुसरी केल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

साचाही गेला. डेव्हलपरनं रिकामी जागा काढून प्रत्येक वस्तूचं पूर्ण वाक्य स्वतंत्र केलं, म्हणजे प्रत्येक अनुवादकाला आपलं क्रियापद निवडता येणार होतं. हे काम वाढवणारं होतं, सगळ्यांचंच. पण कोरियन अनुवादिकेचं पूर्ण भाषांतर त्यानंतर इतक्या झटक्यात आलं, की ती सकाळपासून ते तयार ठेवूनच बसली असावी.

मराठीत शेवटी मी हेल्मेट, हातमोजे, बूट आणि जॅकेट यांना ‘घालूनच काम करा’ ठेवलं, गॉगल आणि मास्कला ‘लावूनच’ आणि इअरप्लगला ‘कानात नीट बसवा’. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करायचा, कान जरा वर ओढून आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा असतो. नुसता कानात घातला तर आवाज फारसा अडत नाही. ‘बसवा’त ते थोडंफार येतं, ‘क्किदा’इतकं नाही.

मास्कचा प्रश्न मात्र उरलाच आहे. विषारी धूळ किंवा वाफ असेल तिथं मास्क चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटलेला हवा, कडेनं हवा शिरता कामा नये, आणि दाढी वाढलेली असली तर तो नीट बसत नाही. ‘लावा’ यातलं काहीच सांगत नाही. मी अभियंताबाईंना लिहिलंय, की हार्नेससारखी इथंही दुसरी पायरी लागेल का ते एकदा पाहा. त्यांनी होकार कळवलाय, नवं वाक्य यायचं आहे.