कावासाकी म्हणजे बाईक नव्हे

ऐरोलीहून वाशीला निघालो तेव्हा भाच्याच्या तापाचा सहावा दिवस. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. आम्ही आपले ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणत बसलेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, कावासाकी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह होणारा आजार. (मला आधी बाईकच आठवली.)

डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ साली जपानमधल्या ५० मुलांची नोंद केली. जपानात याच्या साथीही येऊन गेल्या, गाठतो तो बहुतेक पाच वर्षांखालच्यांना, म्हणून संशय विषाणूवर. पण आरोपी अजून फरारच! ताई वैतागली, “मग औषध कशावर देताय?” दाह शमवायला, हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू नयेत म्हणून, शक्यतो दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून).

आत्ता ड्रिप चालू आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. साहेबांनी नुकताच वडापाव मागितलाय.